शंकू-गोगलगाय, वत्सनाभ आणि आपले अगदतंत्र

मागील वर्षी एका अभ्यासवर्गात विषचिकित्सेवरील चर्चा रंगात आली असता एका उत्साही वैद्यमित्रांनी आपल्या भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर सर्वांना वाचून दाखविला. समुद्रातील एका गोगलगायीच्या विषापासून मॉर्फिनहून कितीतरी प्रभावी वेदनाशामक तयार झाले आहे, हे औषध मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग बंद करते, आणि हे सर्व आपल्या ऋषिमुनींनी सहस्रावधी वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे, असा त्याचा आशय होता. सभागृहात टाळ्या पडल्या. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर आम्हीही वाजविल्या. घरी परतल्यावर मात्र मन स्वस्थ बसेना. सुश्रुताचे कल्पस्थान आणि चरकाचा विषचिकित्सिताध्याय पुन्हा उघडला. आधुनिक शास्त्रातील मिळेल ते वाङ्मयही पाहिले. त्या मजकुरातील दोन विधाने चुकीची निघाली. त्या चुका दाखवाव्यात आणि त्या निमित्ताने आपल्या नित्य व्यवहारातील एका औषधाविषयी मनात कैक दिवस साठलेले सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या प्राण्याविषयी. शंकूच्या आकाराचे, नक्षीदार, हातात घेण्याचा मोह व्हावा असे कवच असणाऱ्या या गोगलगायींच्या कोनस कुळात आठशेहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी बहुसंख्य किडे व अन्य गोगलगायी खातात, काही थोड्या मात्र मासे खातात. गोगलगायीने मासा पकडावा ही गोष्टच मुळी नवलाची. ज्याची गती हे मंदपणाचेच उदाहरण, त्याने क्षणात निसटणाऱ्या प्राण्याला धरायचे तर एकच उपाय उरतो : एका वेधात भक्ष्य जागच्या जागी निश्चेष्ट करणे. यासाठी तिच्या सोंडेतून पोकळ, काटेरी भाल्यासारखा दात बाहेर फेकला जातो आणि त्या दातातून विष आत जाते. मासा काही क्षणांतच निष्प्राणवत् होतो.

मनुष्यालाही याचा दंश घडतो. सतराव्या शतकात इंडोनेशियाच्या बेटांवर राहिलेल्या रम्फियसने बांदा बेटांतील अशा एका मृत्यूची नोंद केली आहे. ऑस्ट्रेलियातील हेमन बेटावर 1935 साली कोनस जिओग्राफस या जातीच्या दंशाने एका तरुणाचा अंत झाला. या जातीच्या दंशात वेदना बहुधा फारशी नसते, आणि म्हणूनच रुग्ण निष्काळजी राहतो. पुढे ओठ व जीभ बधिर होणे, दोन-दोन दिसणे, बोलणे अडखळणे, स्नायू शिथिल होणे आणि अखेर श्वसनाच्या स्नायूंचा घात असा क्रम असतो. यावर प्रतिविष नाही. श्वास कृत्रिम साधनाने चालू ठेवणे हीच चिकित्सा. तेवढा काळ निभावला तर विषाचा अंमल उतरून रुग्ण वाचू शकतो. लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळ किनाऱ्यांवर ही जात आढळते. तेथे पर्यटनास जाणाऱ्या आपल्या रुग्णांना, विशेषतः मुले बरोबर असतील तर, जिवंत शंकू-शंख हातात वा खिशात घेऊ नयेत एवढे सांगणे आपल्यापैकी कोणासही कठीण नाही.

आता विषाच्या कार्याविषयी, कारण खरी चूक तेथेच आहे.

या विषात एक द्रव्य नसून एकेका जातीत शंभराहून अधिक लहान लहान पेप्टाइडे असतात. बहुतेक दहा ते तीस अमिनो आम्लांची, गंधकाच्या बंधांनी घट्ट आवळलेली. फिलिपिन्सचे बाल्दोमेरो ऑलिव्हेरा हे अमेरिकेतील शिक्षण संपवून 1970 च्या सुमारास मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्याजवळ भारी उपकरणे नव्हती. म्हणून त्यांनी किनाऱ्यावर सहज मिळणाऱ्या या गोगलगायींचे विष अभ्यासास घेतले. त्यांच्या सहकारी लूर्देस क्रूझ यांनी त्यातील घटक वेगळे करण्याचे फार मोठे काम केले. पुढे युटा विद्यापीठात एका पदवीपूर्व विद्यार्थ्याने सुचविले की हे घटक उंदरांच्या थेट मेंदूत टोचून पाहावेत. एका घटकाने उंदीर झोपले, दुसऱ्याने थरथरले. एका घटकाने तर दोन आठवड्यांच्या आतील पिल्ले झोपत आणि मोठे उंदीर उलट सैरावैरा धावत. वयानुरूप द्रव्याचे कर्म बदलते हे आपण दशविध परीक्षेत शिकतो. येथे ते प्रयोगशाळेत उघड झाले.

मज्जातंतूतून संदेश जातो म्हणजे काय होते? तंतूच्या आवरणात सोडियमची सूक्ष्म द्वारे असतात. ती उघडली की बाहेरचे सोडियम आत धावते, विद्युत्भार पालटतो, शेजारचे द्वार उघडते, आणि हा क्रम पुढे पुढे जातो. एका सहस्रांश सेकंदाच्या आसपास द्वार आपोआप मिटते. या द्वाराचे तोंड बाहेरून पाहिल्यास नरसाळ्यासारखे असून त्याच्या कडांवर ऋणभार असतो. शंकू-गोगलगायीचे म्यू जातीचे पेप्टाइड धनभारित असल्याने त्या तोंडाकडे ओढले जाते आणि बाटलीला बूच बसावे तसे त्यात बसते. कोनस जिओग्राफसच्या विषातील बावीस अमिनो आम्लांच्या अशा पेप्टाइडात तेराव्या स्थानावरील आर्जिनिन हे या बुचाचे टोक आहे. द्वाराची यंत्रणा हलू शकते, परंतु मार्गच रोधल्याने सोडियम आत जात नाही आणि संदेश तेथेच विरतो.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे आणि आम्हांस ती सर्वांत महत्त्वाची वाटते. मानवी शरीरात ही सोडियम द्वारे एकाच प्रकारची नसून नऊ प्रकारची आहेत. एक मुख्यतः ऐच्छिक स्नायूंत, एक हृदयात, काही मेंदूत, आणि तीन प्रामुख्याने वेदनावाहक तंतूंत. वर सांगितलेले बावीस आम्लांचे पेप्टाइड स्नायूंतील द्वार बंद करते, मज्जातंतूंतील जवळजवळ सोडून देते; क्रूझ आणि ऑलिव्हेरा यांनी 1985 साली हा भेद दाखविला. म्हणून तर शरीरक्रियेचे अभ्यासक मज्जातंतू जागा ठेवून केवळ स्नायूंचे आकुंचन थांबविण्यासाठी ते प्रयोगात वापरतात. उलट कोनस किनोशिताई या जातीचे अवघ्या सोळा आम्लांचे पेप्टाइड मज्जातंतूंतील द्वारांवर प्रभावी ठरते. ते मानवी द्वाराच्या तोंडात नेमके कसे बसते याचे चित्र 2019 साली शास्त्रज्ञांनी अतिशीत सूक्ष्मदर्शकाने टिपले : सातव्या स्थानावरील लायसिन थेट द्वाराच्या गाळणीत शिरलेले दिसते. कोनस मार्मोरियसचे पेप्टाइड तर बूच होतच नाही, ते द्वार उघडण्याची कळच अडकवून ठेवते. आणि डेल्टा जातीची पेप्टाइडे याच्या नेमकी उलट : ती द्वार मिटूच देत नाहीत. सोडियम वाहतच राहते, तंतू सतत उत्तेजित होतो आणि मासा ताठ होऊन गतिहीन होतो. अशा एका डेल्टा पेप्टाइडाचा शोध आपल्याच किनाऱ्यावरील कोनस अमाडिस या जातीत लागला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील के. एस. कृष्णन आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. बलराम व सुजितकुमार सिकदर यांच्या गटाने ते काम 2003 मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या घराजवळ झालेले हे काम आमच्या मंडळींना ठाऊक नसते आणि कोणी कोठून पाठविलेला निनावी मजकूर मात्र ठाऊक असतो, याची खंत वाटते.

आता त्या मजकुरातील पहिली चूक. प्रत्यक्षात औषध म्हणून जे मान्य झाले, ते झिकोनोटाइड, सोडियमचे द्वार बंद करीतच नाही. मायकेल मॅकिन्टॉश यांनी विद्यार्थिदशेत, 1979 च्या सुमारास, कोनस मॅगसच्या विषातून ते वेगळे केले. ते पाठीच्या कण्यातील तंतूंच्या टोकावरचे कॅल्शियमचे द्वार रोधते, त्यामुळे वेदनेचा संदेश पुढच्या तंतूस पोहोचत नाही. अमेरिकेत त्यास डिसेंबर 2004 मध्ये मान्यता मिळाली. ते तोंडाने देता येत नाही. पंपाद्वारे कण्याभोवतीच्या द्रवात थेंबाथेंबाने सोडावे लागते, मात्रेची मर्यादा फार अरुंद आहे आणि भ्रम, मनोविकार असे गंभीर उपद्रव संभवतात. तेव्हा मॉर्फिनहून प्रभावी हे म्हणणे खरे असले तरी अपुरे आहे. सोडियम द्वारावरील शंकू-गोगलगायीचे एकही पेप्टाइड अद्याप औषध झालेले नाही. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत मान्य झालेले सुझेट्रिजिन हे तोंडाने घ्यावयाचे वेदनाशामक वेदनावाहक तंतूंतील सोडियम द्वारावरच काम करते, पण ते रसायनशाळेत रचलेले लहान रेणू आहे, गोगलगायीचे नव्हे.

या संशोधनामागे एक हृदयद्रावक कथा आहे. उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांत जन्मतःच वेदना न जाणणारी मुले आढळली. त्यांच्यात वेदनावाहक तंतूंच्या एका सोडियम द्वाराचे जनुकच निकामी होते. 2006 साली हे सिद्ध झाले. त्यांतला एक मुलगा रस्त्यावर हातात सुऱ्या खुपसून, निखाऱ्यांवर चालून खेळ करी. चौदावा वाढदिवस येण्यापूर्वी छपरावरून उडी मारून तो गेला. ज्यास वेदना नाही त्यास आपले शरीर राखता येत नाही. शूलाचा विचार करताना आम्हांस त्या मुलाची वारंवार आठवण होते.

दुसरी चूक आपल्या संहितांविषयीची. सुश्रुताने जंगम विषाची सोळा अधिष्ठाने सांगितली आहेत : दृष्टी, निःश्वास, दंष्ट्रा, नख यांपासून तुंड, अस्थी, पित्त, शूक आणि शवापर्यंत. सोंडेतून दात फेकणारी गोगलगाय तुंडविष की दंष्ट्राविष की शूकविष, असा वाद आम्ही एका ज्येष्ठ वैद्यांबरोबर रात्री उशिरापर्यंत घातला आणि तो रंजकही होता. परंतु हा वाद आपण आज घालीत आहोत. सुश्रुताने शंकू-गोगलगाय वर्णिली असे त्यातून निष्पन्न होत नाही. आपण भस्मासाठी वापरतो तो शंख वेगळ्याच प्राण्याचा, कपर्दिका म्हणजे कवडी तीही वेगळ्याच. चरकाने सांगितलेल्या विषाच्या दहा गुणांपैकी आशु, तीक्ष्ण, सूक्ष्म हे गुण या विषास तंतोतंत लागू पडतात असे वाटते, आणि डेल्टा व म्यू पेप्टाइडांकडे पाहून स्रोतोदुष्टीतील अतिप्रवृत्ती व संग यांची आठवण होते. आम्हांसही झाली, ती लपविण्याचे कारण नाही. मात्र साम्य दिसणे म्हणजे ज्ञान असणे नव्हे. दहा गुण हे विषाचे लक्षण सांगतात. कोणते अमिनो आम्ल कोणत्या द्वारात बसते हे सांगत नाहीत, आणि ते सांगावे अशी त्यांच्याकडून अपेक्षाही नाही. जे तत्त्व आपल्या आचार्यांनी खरोखर सांगितले आहे, की युक्तीने योजिल्यास तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते, ते पुरेसे मोठे आहे. त्यात पदरचे घालून त्यास लहान करू नये.

हे सर्व लिहिण्याचे खरे कारण आता सांगतो.

सोडियमचे तेच द्वार आपण सर्वजण रोज स्पर्शितो. गोगलगायीने नव्हे, वत्सनाभाने. वत्सनाभातील अकोनिटिन हे अल्कलॉइड सोडियम द्वाराच्या आत जाऊन बसते आणि ते मिटू देत नाही. डेल्टा पेप्टाइडाचे ठिकाण निराळे, पण परिणाम त्याच दिशेचा. प्रथम तंतू उत्तेजित होतो म्हणून जिभेला झिणझिण्या येतात. मग सतत उत्तेजनाने तो थकतो म्हणून बधिरता येते. उघडे राहिलेले दार आणि बंद राहिलेले दार, दोन्हींचा शेवट बधिरतेतच होतो. गोगलगायीच्या काही पेप्टाइडांना स्नायू व हृदय यांतील भेद कळतो, अकोनिटिनास तो कळत नाही. म्हणून वत्सनाभाच्या विषबाधेत हृदयाची गती मंदावते, अनियमित होते आणि मृत्यूही त्या मार्गानेच येतो.

आपल्या रसग्रंथांनी याचा उपाय दिला आहे. वत्सनाभाचे तुकडे गोमूत्रात, रोज मूत्र बदलून, तीन दिवस उन्हात ठेवणे किंवा दोलायंत्रात दुधात स्वेदन करणे. आज आपणांस ठाऊक आहे की या प्रक्रियेत अकोनिटिनाचे एस्टर बंध तुटून फार कमी विषारी द्रव्ये तयार होतात. शोधन ही निव्वळ श्रद्धा नव्हे, ती रसायनक्रिया आहे. आणि त्रिभुवनकीर्तीसारख्या कल्पात वत्सनाभाबरोबर टंकणाची योजना का, हाही अभ्यासाचा विषय आहे. हे आपले खरे धन. त्याविषयी सभांतून टाळ्या पडताना आम्ही फारशा ऐकल्या नाहीत.

चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्याकडे ज्वरासाठी एक प्रौढ शिक्षिका आल्या. आम्ही त्यांना त्रिभुवनकीर्ती दिले, नेहमीच्या मात्रेत, बाजारातील सिद्ध कल्प. दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांच्या यजमानांचा दूरध्वनी आला : ओठ बधिर झाले आहेत, मळमळते आहे. ताप उतरेना म्हणून बाईंनी दुपारी आपणच एक मात्रा अधिक घेतली होती. नाडी पाहिली तर मंद, मध्येच गळणारी. आम्ही विलंब न करता त्यांना रुग्णालयात हलविले. रात्रभर हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवण्यात आले आणि त्या वाचल्या. ती रात्र आम्ही रुग्णालयाच्या बाकावर बसून काढली. तेथील तरुण डॉक्टरांनी अत्यंत सभ्यपणे विचारले : "सर, या गोळीत अकोनिटिन किती असते?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. डबीवर घटकद्रव्यांची नावे होती, शुद्ध वत्सनाभ असा शब्द होता, कायद्याने आवश्यक ती सावधानतेची सूचनाही होती. शुद्ध म्हणजे किती शुद्ध, हे कोठेच नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही उत्पादकास त्या गटक्रमांकाची माहिती मागणारे पत्र लिहिले. त्यास उत्तर आले नाही. अधिक मात्रा रुग्णेने घेतली हे खरे, परंतु अधिक मात्रा घेऊ नये हे तिला स्पष्ट शब्दांत आम्ही सांगितले होते काय, हाही प्रश्न आम्ही स्वतःस विचारला. उत्तर सुखावह नव्हते.

ऑलिव्हेरा-क्रूझ यांनी गोगलगायीच्या विषातील एकेक घटक वेगळा केला, त्याचे लक्ष्य शोधले, मात्रा सूक्ष्म मापाने निश्चित केली, आणि तेव्हाच ते विष औषध होण्याच्या वाटेवर आले. तरीही इतक्या वर्षांत त्यातून एकच औषध हाती लागले. आपण मात्र तेवढ्याच तीव्र द्रव्याचा कल्प केवळ विश्वासावर लिहून देतो. तोलून मापून पाहण्याची साधने आपल्याजवळ नाहीत असे नाही. अकोनिटिनाचे प्रमाण मोजणे आज देशातील अनेक प्रयोगशाळांत शक्य आहे. शोधनाची परंपरा ज्यांची, त्यांनीच शोधन पूर्ण झाले की नाही हे मोजण्यास कचरावे, ही विसंगती आम्हांस सहन होत नाही. काही वैद्यबंधू म्हणतील की शतकानुशतके वापरलेल्या कल्पास प्रमाणपत्र कशाला. त्यांना आमचे एवढेच उत्तर आहे की शतकानुशतके वैद्य स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या देखरेखीत शोधन करीत होता. आज तो डबी विकत घेतो.

अगदतंत्राच्या अध्यापनाविषयीही एक गोष्ट. आम्ही विद्यार्थी असताना वत्सनाभाची लक्षणे पाठ केली, शोधन पाठ केले. ते कोणत्या द्वारावर काम करते हे कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. त्या रात्री रुग्णालयातील डॉक्टरांना आम्हीच ते समजावून सांगू शकलो असतो, तर दोन शास्त्रांमधील तो संवाद बरोबरीचा झाला असता.

अनिष्ट परिणाम आढळल्यास नोंद करण्याची आयुष मंत्रालयाची यंत्रणा आज उपलब्ध आहे. तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. आम्ही त्या शिक्षिकांची नोंद तेथे केली नाही. लाज वाटली, हे मान्य केले पाहिजे. या लेखाबरोबरच, विलंबाने का होईना, ती पाठवीत आहोत.

आमच्या चिकित्सालयात आता वत्सनाभयुक्त कल्पांची चार उत्पादने ठेवतो आणि चौघांनाही प्रत्येक नव्या गटक्रमांकासाठी अकोनिटिनाच्या प्रमाणाचा दाखला मागणारे पत्र पाठवितो. आतापर्यंत एकाकडून दाखला आला आहे. ज्या सभासदांकडे असे दाखले असतील, त्यांनी कृपया त्यांची प्रत, उत्पादकाचे नाव झाकून चालेल, संपादक मंडळाकडे पाठवावी. पुढील अंकासाठी त्यांचा तक्ता तयार करण्याचे काम आम्ही आनंदाने स्वीकारू.